जुन्या वस्तूंच्या माणसाला काय द्यावं?

ऑगस्ट २०२५ मध्ये एक तलवार लंडनहून मुंबईत आली. त्याआधी एप्रिलमध्ये सदबीजच्या लिलावात ती विक्रीला निघाली होती आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती सोडवली. पातं युरोपीय धाटणीचं, मुठीवर सोन्याचं कोफ्तगिरी काम. अशा घडणीच्या तलवारी जगातल्या अनेक संग्रहालयांत आहेत. हिची किंमत वाढली ती पात्याच्या पाठीवरच्या एका देवनागरी ओळीमुळे. त्या ओळीत सेनासाहेबसुभा रघूजी भोसल्यांचं नाव आहे. नागपूरच्या भोसले घराण्याचे हे संस्थापक. अठराव्या शतकात त्यांच्या फौजा ओडिशा आणि बंगालपर्यंत गेल्या. ती ओळ नसती तर एक सुरेख जुनी तलवार एका खासगी दिवाणखान्यातून दुसऱ्या दिवाणखान्यात गेली असती, आणि नागपूरला कुणाला पत्ताही लागला नसता.

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाचा वाढदिवस, साठी, निवृत्ती किंवा घरभरणी आली की घरचे अडचणीत पडतात. कपडे त्याला नको असतात, मिठाईचं कौतुक नसतं, आणि जुनी वस्तू द्यावी तर ती कशी निवडायची ते आपल्याला कळत नाही. या अडचणीतून बाहेर पडायची वाट तलवारीवरच्या त्या ओळीत सापडते. वस्तू त्याच्याकडे आहेत, आणि पुढच्या वस्तू तो स्वतःच शोधणार आहे, कारण शोधण्यातच त्याचा जीव आहे. त्याला कमतरता असते ती वस्तू टिकवण्याच्या साधनांची आणि वस्तूची हकिगत टिकवण्याच्या साधनांची. या प्रकरणातल्या बहुतेक भेटी या दोन कामांसाठी आहेत.

आधी काय देऊ नये ते पाहू, कारण पैसे इथेच वाया जातात. बाजारात ‘अँटिक’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं नवीन असतं: आम्लाने काळवंडवलेला पितळी कंदील, जहाजाचं होकायंत्र, ग्रामोफोनचा भोंगा. हौशी माणसाच्या घरात ते शोभतं, पण संग्राहक ते हातात घेताक्षणी ओळखतो आणि तुमचं मन राखायला कपाटावर ठेवून देतो. नाण्यांमध्ये तर फसवणुकीचा एक ठरलेला नमुनाच आहे. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असं साल. कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही. १६१६ मध्ये तिची भारतात टांकसाळही नव्हती. देव्हाऱ्यात ठेवायची ही टोकनं आहेत, आणि त्यांच्या अंगी अद्भुत शक्ती असल्याच्या थापा मारून लोकांना लाखोंना बुडवणाऱ्या टोळ्याही आहेत. राम-सीतेचं खरं नाणं हवं असेल तर ते अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीचं आहे, आणि ते इतकं दुर्मिळ आहे की भेट म्हणून कुणाच्या हाती लागणार नाही. शिवराई आणि होन यांच्या नकला तर गडाच्या पायथ्याला आणि जत्रेत सर्रास मिळतात.

खरी वस्तू मिळाली तरी ती जुळेलच असं नाही. संग्राहकाची वाट फार अरुंद असते. अडकित्ते जमवणाऱ्याला ‘एखादा जुना अडकित्ता’ नको असतो. त्याला मोराच्या आकाराचा, विशिष्ट खिळ्याचा, अमुक भागात घडलेला हवा असतो. बाकीचे त्याच्याकडे पाचपाच आहेत.

आणि कायदा आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ सालचा. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, पुरावशेषात मोडतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. मूर्ती-शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि अशी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, अगदी भेट म्हणून गेली, तरी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. देशाबाहेर तर खासगी माणसाला ती नेताच येत नाही. अमेरिकेतल्या भावाला आजोबांची शंभर वर्षांपूर्वीची पितळी मूर्ती पाठवायचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्यावा. हस्तिदंती फणी, वाघनखाचं लॉकेट, भिंतीवरचं हरणाचं मुंडकं यांचा प्रश्न आणखी कडक आहे. त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि मालकीचं प्रमाणपत्र असलेल्यालाही ती वस्तू कुणाला भेट देता येत नाही. विदर्भात जुन्या घरांमधून अशा वस्तू अजून निघतात आणि लोक त्या सहज, प्रेमाने एकमेकांना देऊ करतात. प्रेम खरं असतं, पण घेणाऱ्यावर त्यातून खटला ओढवू शकतो.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंचंही तसंच. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये त्यातली काही खणली आणि मिळालेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. तिथला एखादा गंजलेला लोखंडी तुकडा उचलून ‘तुमच्या संग्रहासाठी आणला’ म्हणून देणारे लोक आहेत. हा तुकडा जागेवरून हलला की त्याचं सांगणं संपलं. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.

जुनी वस्तूच द्यायची असेल तर मी एकच मार्ग सुचवेन: आपल्या घरातली द्या, आणि तिच्याबरोबर तिची कथा लिहून द्या. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. लग्नात आलेला गंज, गडवा, कोपर किंवा घंगाळ घेतलं की दुकानाशी बसलेला माणूस छोट्या छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटवायचा. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, कधी गावाचं नाव. त्यावरून भांड्याचं वय कळतं, नात्यांची साखळी कळते, आणि त्या काळी लोक आपली नावं कशी लिहीत तेही कळतं. मोठ्या राजाची तलवार असो की कुण्या आत्याचं घंगाळ, लिहिलेल्या नावाने दोन्ही वस्तू सारख्याच बोलक्या होतात. म्हणून असा गडवा देताना घासून लखलखीत करून देऊ नका. चिंच, लिंबू, राख आणि काथ्याने वर्षानुवर्षं घासून किती घरांतल्या भांड्यांवरची नावं पार बुजली आहेत! त्याऐवजी एका कागदावर चार-पाच वाक्यं लिहा. हा कुणाचा, कोणत्या घरात होता, त्यात काय तापवत, तुमच्या हाती कसा आला. आत्या हयात असेल तर तिच्या तोंडून ऐकून लिहा आणि खाली तारीख घाला. संग्राहक त्या कागदालाच आधी हात घालेल.

आता टिकवण्याच्या साधनांकडे येऊ. इथे नागपूरचा विचार वेगळा करावा लागतो, कारण पुण्या-मुंबईसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये तीच ८० च्या वर जाते. लाकूड आर्द्रतेबरोबर फुगतं आणि आक्रसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुन्या फणेरपेटीचं झाकण किंवा बंगईची फळी उन्हाळ्यात जोडावर तडकते. खरं नुकसान उष्णतेपेक्षा या वरखाली होण्याने होतं. त्यात आपला कूलर येतो. वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्यांमधून येणारी ओलसर हवा खोलीतली आर्द्रता काही तासांत दुप्पट-तिप्पट करते, आणि रात्री कूलर बंद झाला की ती परत कोसळते. सगळ्या उन्हाळ्यात रोज एकदा ऑगस्ट आणि एकदा मे, असा तो खेळ चालतो. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत संग्रहाचं काचेचं कपाट बरोबर कूलरच्या समोर असतं, कारण बैठकीची खोली तीच आणि पाहुणे बसतात तीही तीच.

म्हणून माझ्या यादीत पहिली भेट आहे आर्द्रतामापक, म्हणजे हायग्रोमीटर. मुठीत मावणारं डिजिटल यंत्र काही शेकड्यांत मिळतं. दोन घ्या, एक खोलीसाठी आणि एक कपाटाच्या आत ठेवायला. देण्याआधी तपासून द्या. एका छोट्या वाटीत मीठ घ्या, त्यात पाणी घालून ते ओलं रवाळ करा, आणि वाटी व मापक घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवा. संपृक्त मिठाच्या वरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७१ दाखवत असेल तर ‘चार मिळवा’ अशी चिठ्ठी त्याच्या पाठीवर लावा. इतकी मेहनत घेऊन दिलेली साधी वस्तू महागड्या भेटीपेक्षा जास्त दिवस कामात येते. आठवडाभराचे आकडे पाहिले की कपाट कुठे हलवायचं हे त्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तिच्या जोडीला सिलिका जेल द्या. रंग बदलणारे दाणे निवडा. नारंगी दाणे ओल शोषली की हिरवे होतात. ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत-बाहेर काही तास वाळवले की पुन्हा नारंगी होतात आणि वर्षानुवर्षं चालतात. निळे दाणे कोबाल्टच्या क्षाराने रंगवलेले असतात, ते घरात न वापरलेले बरे. धातूच्या वस्तू आणि नाण्यांच्या बंद पेटीत हे दाणे ठेवावेत. लाकूड आणि हस्तलिखितांना मात्र अगदी कोरडी हवाही मानवत नाही, तिथे साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं.

तांब्या-पितळेच्या आणि काशाच्या वस्तूंवर दोन प्रकारचं हिरवं दिसतं आणि त्यातला फरक सांगणं हीसुद्धा एक भेट ठरेल. गडद, गुळगुळीत, चिकटून बसलेला हिरवा किंवा तपकिरी थर ही त्या धातूची जुनी त्वचा आहे. ती खालच्या धातूला जपते आणि वयाची साक्ष देते. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी पूड दिसली तर ती धोक्याची. धातूत शिरलेले क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं आणि त्यातून पुन्हा आम्ल तयार होतं. जतनतज्ज्ञ याला ब्राँझ डिसीज म्हणतात. अशी वस्तू बाकीच्यांपासून बाजूला काढायची, कोरडी ठेवायची आणि जाणकाराला दाखवायची. लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. इन्टॅक या संस्थेचीही जतनकेंद्रं आहेत. ज्याच्या संग्रहात असा एखादा मोलाचा तुकडा आहे त्याला तज्ज्ञाच्या तपासणीचा खर्च भेट म्हणून द्यावा. कुणी सहसा हा खर्च स्वतःसाठी करत नाही.

गुंडाळायचं कापड ही भेट फार साधी वाटते, पण मी तिचा आग्रह धरतो. बहुतेक घरांत जुन्या वस्तू वर्तमानपत्रात आणि प्लास्टिकच्या पिशवीत असतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो स्वतःही पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही खराब करतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं. नाण्यांवर हिरवट चिकट डाग येतात ते त्यामुळे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, म्हणून रबरबँड आणि लोकरीचं कापड चांदीजवळ नको. गांधीबागेत जाऊन चांगलं बिनखळीचं मलमल ताग्यातून फाडून आणा, ते दोनदा नुसत्या पाण्यात धुऊन वाळवा आणि हातरुमालापासून पंचापर्यंत वेगवेगळ्या मापांचे तुकडे शिवून एक गठ्ठा द्या. रंगीत कापड नको, रंग सुटतो. नाण्यांसाठी पॉलिएस्टरच्या पारदर्शक फितीचे पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात. जुनी पत्रं आणि फोटोंसाठी आम्लमुक्त कागद आणि पॉलिएस्टरची पाकिटं. पोथ्या कापडात बांधून त्यात वेखंड ठेवायची आपली जुनी रीत कसर दूर ठेवायला उपयोगी आहे, ती मोडायची गरज नाही. डांबरगोळ्या मात्र देऊ नका. त्यांच्या वाफा माणसाच्या तब्येतीला वाईट आणि काही प्लास्टिक व रंगांनाही वाईट.

साधनांमध्ये संग्राहकाला सगळ्यात जास्त आनंद देतं ते भिंग. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते दिनकर गंगाधर केळकर घरच्या चष्म्याच्या धंद्यातले होते, आणि १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले. सूक्ष्म पाहणं हा त्यांच्या दोन्ही उद्योगांचा पाया होता. दहापट मोठं दाखवणारं, तीन काचांचं, सराफ वापरतात तसं घडीचं भिंग इतवारीच्या सराफ्यात विचारलं तर मिळेल. तीसपट, साठपट असं छापलेली स्वस्त भिंगं टाळा. ती कडेला सगळं वाकडं दाखवतात. भिंगाबरोबर एक मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा व्हर्निअर कॅलिपर आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा दिलात तर नाणी जमवणाऱ्याचं घर प्रयोगशाळा होईल.

याचा उपयोग कसा ते चांदीच्या रुपयावरून कळतं. १८३५ पासून कंपनीचा आणि पुढे राणीछाप, राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. राणीचा रुपया म्हणून आलेलं नाणं १०.८ ग्रॅम भरलं, किंवा चुंबकाकडे ओढलं गेलं, तर पुढे बोलायची गरज उरत नाही. झिजलेलं खरं नाणंही थोडं हलकं भरतं, त्यामुळे आकड्याच्या जोडीला डोळा हवाच, म्हणून भिंग. लोहचुंबकाचा छोटा तुकडा फुकटात मिळतो, तोही डब्यात टाका.

पुस्तकांचं मोल संग्राहकाच्या वाटेवर अवलंबून असतं, म्हणून देण्याआधी त्याच्या फडताळाकडे नीट पाहून घ्या. मराठा नाण्यांसाठी माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ आजही पहिला हाताशी लागतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे. तिथे जाण्या-येण्याचं तिकीट ही नाण्यांच्या वेड्याला काशीयात्रेइतकी मोठी भेट. आणि आपल्याच भागातल्या मोठ्या कामाची ओळख करून द्यायची तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. मिराशींनी त्यातल्या राजांची नावं लावून तो १९४० च्या सुमारास प्रसिद्ध केला. ती नाणी वितळून गेली असती किंवा सुटी-सुटी विकली गेली असती तर एरवी फारशी ठाऊक नसलेल्या काही राजांचा पुरावा हातातून गेला असता. साठा एकत्र राहिला आणि त्यावर लिहिणारा माणूस होता, म्हणून इतिहास मिळाला.

गुंगेरियाचंही असंच. आजच्या मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव. १८७० मध्ये गुरं राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातू दिसला. निघाली तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीच्या १०२ पातळ पत्र्या, त्यात बैलाच्या मुखवट्यासारख्या काही. त्यातला काही भाग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आला, काही लंडनला गेला. वस्तू जगभर पांगल्या तरी साठा म्हणून त्यांचा अभ्यास आजही होतो, कारण संख्या, ठिकाण आणि सापडण्याची हकिगत लगेच कागदावर आली.

याच्या उलट भोसल्यांच्या वाड्याचं झालं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले. जवाहिर कलकत्त्याला विकलं गेलं. पुढे १८६४ मध्ये वाड्यालाही आग लागली. एवढ्या मोठ्या दरबारातल्या किती वस्तू आज जगात कुठेतरी ‘भारतीय, अठरावं शतक’ एवढ्याच चिठ्ठीखाली पडून असतील! मला याचं खरोखर वाईट वाटतं. घरातल्या संग्रहाचंही असंच होतं, फक्त लिलाव शांतपणे, भंगारवाल्याच्या तराजूवर होतो.

म्हणून या प्रकरणात मी सगळ्यात वर ठेवतो ती नोंदवहीची भेट. जाड कागदाची, शिवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घ्या. प्रत्येक पान उभं आखून रकाने करा: क्रमांक, वस्तू, माप आणि वजन, कुठून व कुणाकडून आली, कधी, किती पैसे दिले, काय खूण आहे, काय तुटलंय, कोणत्या कपाटात आहे. क्रमांकाची पद्धत संग्रहालयाचीच घ्या, म्हणजे साल आणि मग त्या सालातला क्रम: २०२५.१, २०२५.२. वस्तूवर पेनाने लिहायचं नाही. कागदाच्या वस्तूवर मऊ पेन्सिलने मागच्या कोपऱ्यात, बाकीच्यांना सुती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. आणि नुसती वही देऊन थांबू नका. पहिल्या तीस-चाळीस नोंदी तुम्हीच त्याच्यासोबत बसून भरा. तो सांगेल, तुम्ही लिहा. फोन मध्ये ठेवून आवाजही रेकॉर्ड करा. एखाद्या लामणदिव्याची गोष्ट सांगताना माणूस किमतीवरून सुरू करतो आणि चार वाक्यांत कुणाच्या तरी माजघरात पोहोचतो. ते माजघर वहीत यायला हवं. फोटो काढताना वस्तूशेजारी एक मोजपट्टी ठेवा आणि खिडकीचा तिरका प्रकाश घ्या, म्हणजे पुसट नावं आणि ठसे उठून दिसतात. याच कामासाठी एक छोटी एलईडी टॉर्चही भेटीत घालावी.

लिहून ठेवण्याचं मोल सांगणारं उदाहरण नागपूरला फार जवळचं आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये इथे आले. त्यांनी शाळा काढली, विदर्भाचे दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या भाषा आणि चालीरीतींची टिपणं केली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. अजब बंगल्याची स्थापनाही त्याच सालची. त्यांच्या मागे कागद होते. मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी ती टिपणं संपादित करून १८६६ मध्ये छापली आणि ती आज दीडशे वर्षांनंतरही अभ्यासक वाचतात. हिस्लॉपनी फक्त वस्तू जमवल्या असत्या तर त्यांचं काम त्या नाल्यातच संपलं असतं.

वयस्क संग्राहकासाठी एक भेट आहे ती देताना घरच्यांना संकोच वाटतो: पुढे या सगळ्याचं काय, याबद्दल बोलायला दिलेला वेळ आणि वकिलाचा खर्च. केळकरांनी आपला संग्रह १९६२ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवला. आज त्यात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि एका वेळी अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. प्रत्येकाचा संग्रह संग्रहालय घेईल असं नाही. जागा कमी असते, तशाच दहा समया त्यांच्याकडे आधीच असतात. म्हणून आधी अभिरक्षकांना वहीच्या पानांची छायाप्रत आणि फोटो पाठवून विचारावं. पूर्ण संग्रह देण्यापेक्षा त्यांना ज्याची उणीव आहे ते निवडून घ्यायला सांगितलं तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. ज्या वस्तू घरात राहणार त्या कुणाच्या नावे हे मृत्युपत्रात वहीतल्या क्रमांकानेच लिहावं, ‘जुनी पितळी भांडी’ असं मोघम नको. नोंदणी केलेले पुरावशेष असतील तर त्यांची प्रमाणपत्रं त्याच वहीला मागे पाकीट शिवून त्यात ठेवावीत, कारण वारसाला मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवताना आधी तीच मागितली जातात.